त्या दिवशी खिळा रिकामा होता

आप्पा,

तुमच्या दहाव्याला कावळा शिवला नाही. पिंड ठेवून सगळे बाजूला झाले, उन्हं डोक्यावर आली, पलीकडच्या बाभळीवर कावळे बसून होते, पण एकही खाली उतरेना. तुमच्या धाकट्या भावाने पुढे होऊन बांधाचं भांडण मिटवतो म्हणून सांगितलं. मुलीने आईला कधी अंतर देणार नाही म्हणून सांगितलं. कुणीतरी बैलाचं नाव काढलं. तरी नाहीच. बायका कुजबुजायला लागल्या की, म्हाताऱ्याचा जीव कशात तरी अडकलाय. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि लोक हात धुवायला नदीत उतरले. मी मागे चपला हातात धरून उभा होतो. पुढे होऊन बोलायचं माझंच काहीतरी राहिलंय, असं आतून वाटत होतं आणि पाय उचलत नव्हता. तेव्हा बोललो नाही म्हणून आता लिहितोय.

तुमच्या गावात, केंदुरात, त्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न होता. लेथवर जन्म काढलेला माणूस, काम सोडूनही तीन वर्षं झालेली, तो दौंडकडच्या साखर कारखान्याच्या यार्डात उसाच्या दोन ट्रॉल्यांच्या मधे काय करत होता? डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. ते कुठेही थांबलं असतं. पण तुम्ही ट्रॉलीच्या दांडीवर ओणवे झालेले सापडलात, आणि पिशवीत हातोडी, एक फडकं आणि लोखंडाची एक नवी कोरी पिन होती. ‘म्हातारपणी डोक्यावर परिणाम झाला असंल,’ असं तुमचे व्याही मला म्हणाले. मी मान हलवली. आप्पा, मी तिथेही मानच हलवली.

आपण दोघं भेटलो तेव्हा मी तुमच्या शेडमध्ये नवाच आलो होतो. शिरूर तालुक्यातली चार लेथची पत्र्याची शेड, मी डिप्लोमा करून आलेला तपासनीस, खिशाला दोन पेनं. तुम्ही तीन नंबरच्या लेथवर. पहिल्याच दिवशी मी तुम्हाला चिप, म्हणजे लेथवर निघणारं लोखंडाचं सालपट, कशी तयार होते ते सांगायला गेलो होतो. टूलचा कोन, कापण्याची पातळी, फळ्यावर काढतात तशी आकृती मी चक्क तुमच्या डब्याच्या झाकणावर खडूने काढली. तुम्ही शांतपणे पाहिलं, झाकण पुसलं आणि भाकरी खायला बसलात. मग म्हणालात, “साहेब, टूल काय कापत न्हाई. त्ये रेटतं. लोखंडाला सोसंना झालं की त्ये सरकतं. थरावर थर सरकत यून जे भायेर पडतं ती चिप. तिच्या अंगावर सगळं लिवल्यालं असतं.”

आणि मग तुम्ही मला वाचायला शिकवलंत. चिप पोटाकडून गुळगुळीत, कारण ती टूलवर घासत आलेली असते. पाठीकडून खरखरीत, कारण थर तिथे उघडे पडतात. निळी पडली तर उष्णता चिपेतून निघून जातेय की टूलच जळतंय, ते आवाजावरून ठरवायचं. बिडाची चिप भुकटी होऊन पडते, तिला लांबी नसतेच. साध्या पोलादाची वळ्यावळ्यांनी लांब निघते, ती हाताने ओढायची नाही, आकड्याने ओढायची. दोन नंबरच्या लेथवरच्या माणसाने हाताने ओढली होती, आणि त्याचा अंगठा पुढे कधी धड वळला नाही.

तुमच्या लेथशेजारच्या लाकडी खांबाला एक खिळा होता. पाळी संपली की त्या दिवशीच्या कामाची एक चिप तुम्ही त्या खिळ्याला टांगून जायचात. दुसऱ्या पाळीचा माणूस आला की रजिस्टर उघडायच्या आधी ती चिप बघायचा, बोटांत फिरवायचा आणि मगच यंत्राला हात लावायचा. हे कुणी ठरवलं, कधी सुरू झालं, मालकालाही माहीत नव्हतं. मी एकदा म्हणालो की रजिस्टरमध्ये सगळं लिहिलेलं असतं, हा अडाणीपणा कशाला. तुम्ही हसलात. तुमचे वडील मेंढरांमागे फिरले होते. म्हणालात, “बा लेंडी बघून सांगायचा, ह्ये मेंढरू चार दिसांत बसनार. मेंढरू बेस चरतंय, उड्या मारतंय, आन् बा त्याला बाजूला काढतोय. लोक हसायची. चवथ्या दिशी मेंढरू बसायचं.”

मला त्या वेळी ही गोष्ट गमतीची वाटली होती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. वरवंडकडचा ट्रॉल्या बनवणारा एक जण आपल्याकडून ट्रॅक्टर आणि ट्रॉली जोडणारी पिन करून घ्यायचा. जाडजूड पिन, वर चपटं डोकं, खाली खिट्टीसाठी भोक. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या एकामागे एक जोडल्या की सगळी ओढ त्या पिनांवर. हंगाम तोंडावर आला होता आणि त्याला एकशेवीस नग हवे होते. नवे बार आले. कुठलं पोलाद ते कळावं म्हणून बारच्या टोकाला लावतात तो रंग कापून गेलेला, पण सोबत सर्टिफिकेट होतं आणि त्यावर हवं तेच पोलाद लिहिलेलं होतं. मी कडकपणा तपासला, तोही बसला.

काम सुरू झालं आणि शेडमध्ये आनंदीआनंद. चिप गुंतेना, टूल बोथट होईना, कूलंटचा धूर नाही, कुणाला आकडा हातात घ्यावा लागेना. तुकडे तुकडे होऊन चिप आपली आपण ट्रेमध्ये पडत होती. मालक येऊन बघून गेले, म्हणाले, असंच लोखंड कायम मागवा. पाळी संपली तेव्हा तुम्ही माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिलात. ओंजळीत चिपा होत्या, नखाएवढ्या.

“साहेब, खिळ्याला काय लावू? टांगायला चिपच न्हाई.”

“मग चांगलंच की, आप्पा.”

“लई चांगली झालीया. हेच माप, हेच टूल, मागच्या लॉटला हातभर साप निघायचं. आज लाह्या फुटत्यात. ह्यो बार त्यो न्हाई. मला भ्या वाटतंय.”

असं पोलाद असतं, हे मला पुस्तकातून माहीत होतं. भरभर मशीनिंग व्हावं म्हणून त्यात गंधक घालतात, त्यामुळे चिप आपोआप तुटते. स्क्रू-नट असल्या कामाला उत्तम. ओढीच्या, धक्क्याच्या कामाला वापरायचं नाही. हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. आणि तरी मी चार माणसांदेखत तुम्हाला म्हणालो, “सर्टिफिकेट तुमच्या डोळ्यांपेक्षा मोठं आहे, आप्पा.” शेडमधले हसले. तुमचा चेहरा मी नीट पाहिला नाही.

दुसऱ्या पाळीचा माणूस आला. खांबाजवळ थांबला, रिकाम्या खिळ्याकडे बघून म्हणाला, “आप्पा, आज काय झालं?” तुम्ही ओंजळीतल्या चिपा त्याच्या हातावर ठेवल्यात. त्याने त्या बोटांनी चाचपल्या आणि मगच लेथ सुरू केला. मला त्याचाही राग आला होता.

तीन दिवसांत एकशेवीस पिनांचा लॉट तयार झाला. तपासताना दिसलं की प्रत्येक पिनच्या डोक्यावर टूलच्या टोकाने एक बारीक गोल काढलाय. ड्रॉइंगमध्ये तो नव्हता. विचारलं, हे काय? “शोभंला,” तुम्ही म्हणालात. अंगावर कुठे खाच नव्हती, माप बिघडत नव्हतं, म्हणून मी सोडून दिलं. एकशेवीसशिवाय जास्तीची एक पिन लांबीला कमी भरली होती, ती टेबलावर बाजूला पडली होती. तुम्ही ती उचललीत.

“गाडी भरायच्या आधी ही येक शिकंज्यात धरून घणानं हाणू. वाकली तर माझं त्वांड काळं. तुटली तर तुमी बघा.”

“उद्या बघू,” मी म्हणालो.

“उद्या गाडी गेल्याली आसंल. साहेब, ट्रॉलीच्या उसावर मानसं बसत्यात. ल्येकरं असत्यात.”

मी तुमच्या हातून पिन घेतली आणि ड्रॉवरमध्ये टाकली. तुटली तर काय करायचं याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून मला ती तोडायचीच नव्हती. आठच दिवसांपूर्वी मालकांनी त्या ट्रॉलीवाल्यासमोर ‘हे आमचे इंजिनिअर’ म्हणून माझी ओळख करून दिली होती. मी सही केली.

आता ते सांगतो, जे नदीकाठी सांगायला हवं होतं.

गाडी गेली त्या दुपारी तुम्ही सगळे जेवायला लिंबाखाली बसला होतात. मी शेडमध्ये एकटा राहिलो. ड्रॉवरमधून ती पिन काढली, शिकंज्यात धरली आणि घण घातला. पहिल्या घावाला काही नाही. दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्या घावाला ती भोकाजवळ तुटली. वाकली नाही, जराही नाही. तुटलेल्या जागी करडे, चमकणारे दाणे दिसत होते. ऑफिसातल्या टेबलावर फोन होता. गाडी फार तर चौफुल्यापर्यंत पोचली असेल, वरवंडला फोन करून पिना अडवता आल्या असत्या. मी फोनकडे पाहिलं, दोन्ही तुकडे भंगाराच्या पिंपात चिपांच्या खाली खुपसले, हात धुतले आणि बाहेर येऊन तुमच्याच शेजारी बसून डबा उघडला. तुम्ही मला ठेचा दिलात. मी तो खाल्ला.

त्या दिवसानंतर तुम्ही माझ्याशी एकदाही वाद घातला नाही. आधी कसं, ‘काय साहेब, पुस्तकात आज काय निघालं?’ म्हणून चिडवायचात. नंतर नुसतं साहेब, व्हय साहेब, ठीक हाय साहेब. लोकांना वाटलं आप्पा निवले. मला वाटलं, तुम्ही तो विषय विसरलात. मला बरं वाटलं होतं, हे लिहायला लाज वाटते.

मग हंगाम आले आणि गेले. दर हंगामात रस्त्यावर कुठे ना कुठे उसाची ट्रॉली उलटायची आणि माझा चहा कपात तसाच राहायचा. ट्रॉल्या शंभर कारणांनी उलटतात हे मला कळत होतं. न्हावऱ्याच्या रस्त्याला मोटरसायकलवरून जाताना पुढे ट्रॉली आली की मी मागे राहायचो, लांब मागे, आणि वर उसावर बसलेल्या बाईची पाठ बघत बघत जायचो. बायको मागून म्हणायची, अहो काढा की पुढे. एकदा घाटाच्या चढाला पुढची ट्रॉली कर्रकन वाजली आणि मी गाडी खडीत घातली. बायकोला सांगितलं, कुत्रं आडवं आलं.

आणि तुम्ही रविवारी लेथ मागायला लागलात. थंडी पडली की यायचात, काम सोडल्यावरही. “साहेब, रविवारी लेथ मोकळा असंल तर वापरू का? आन् चांगल्या बारचा येक तुकडा.” मी दर वेळी चिडवायचो, “आप्पा, घरी कारखाना काढताय काय? मालक भागीदारी मागतील हं.” तुम्ही नुसते हसायचात. सोमवारी मी यायचो तेव्हा खिळ्याला एक लांबलचक चिप टांगलेली असायची. पोटाकडून चकचकीत, वळ्यावळ्यांची, निळसर. कुणाच्या हाताला लागेल म्हणून मीच ती आकड्याने काढून पिंपात टाकायचो. इतक्या सोमवारी तुम्ही माझ्यासाठी ती टांगून ठेवलीत आणि मी एकदाही हातात घेऊन पाहिली नाही.

दहाव्याचं जेवण झाल्यावर मावशींनी मला आत बोलावलं. तुमची बायको, पण मी पहिल्यापासून त्यांना मावशीच म्हणतो. पलंगाखालून त्यांनी पत्र्याची पेटी ओढली. ती त्यांच्याच्याने हलेना, मलाही जड गेली.

“तुमच्या कामाचं लोखंड हाय, घिऊन जावा,” त्या म्हणाल्या. “दर हंगामात रविवार आला की म्हनायचं, वढूला समाधीवर जाऊन येतो. वढू काय लांब हाय व्हय? सकाळी गेल्यालं मानूस दिवेलागणीला यायचं, आन् कापडाला मळीचा वास. मी म्हनलं, कुठं का जाईना, दारू तर पीत न्हाई.”

पेटी उघडली. पिना होत्या. घासलेल्या, गंजलेल्या, ग्रीसने काळ्या झालेल्या. मी एकीचं डोकं अंगठ्याने पुसलं. खालून गोल वर आला. दुसरीचं पुसलं. तिलाही गोल.

तेव्हा मला कळलं. पिन दांडीत बसली की तिचं फक्त डोकं वर दिसतं, म्हणून खूण तुम्ही डोक्यावर केली होतीत. अंगावर खाच पाडली असती तर ती तिथूनच तुटली असती. लॉट गाडीत भरायच्या आधीच तुम्ही ठरवलं होतं की, साहेब ऐकणार नाही आणि या पिना आपल्यालाच परत आणायला लागतील. सात हंगाम तुम्ही वजनकाट्याच्या रांगांमध्ये ट्रॉलीमागून ट्रॉली, पिनेमागून पिन पुसत फिरलात. गोल दिसला की पिशवीतली नवी पिन घालायची आणि जुनी घेऊन यायची. मी तिथेच जमिनीवर बसून मोजल्या. एकशेअकरा.

पेटीच्या तळाशी एक फडक्याची पुरचुंडी होती. सोडली. आत एका पिनचे दोन तुकडे, लांब निळसर चिपेने एकत्र गुंडाळलेले. ते तुकडे मी ओळखले. भोकाजवळ तुटलेले, करड्या दाण्यांचे.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. त्या संध्याकाळी पिंप रिकामं करताना ते तुमच्या हाताला लागले असणार. मी चुकलो हे तर तुम्हाला आधीच माहीत होतं. पण मी तोडून पाहिलं, मला कळलं आणि तरी मी गप्प बसलो, हेही तुम्हाला सात वर्षं माहीत होतं. मालकांना एका शब्दाने सांगितलं असतंत तर माझी नोकरी गेली असती. सांगितलं नाहीत. मला चार शिव्या घातल्या असत्यात तरी मी सुटलो असतो. त्याही घातल्या नाहीत. त्या न घातलेल्या शिव्यांचा मला राग येतो, आप्पा, खरंच येतो. मला बरोबर का नेलं नाहीत? दोन माणसं फिरलो असतो तर निम्म्या वेळात झालं असतं, आणि तुम्ही त्या दांडीवर एकटे ओणवे झाला नसतात.

मावशींनी विचारलं, “काय हाय त्ये?” मी म्हणालो, “आप्पांनी माझ्यासाठी ठेवलंय.” त्यांनी चहा आणून ठेवला आणि माझ्या पाठीवर हात फिरवला. त्यांचा माणूस गेलेला आणि धीर मला देत होत्या.

नऊ राहिल्या होत्या.

गेल्या रविवारी मी तुमच्या लेथवर उभा राहिलो. शेडमध्ये आता संगणकावर चालणारी दोन सीएनसी यंत्रं आहेत, तीन नंबरचा लेथ कोपऱ्यात धूळ खात असतो. कितीतरी वर्षांनी यंत्राला हात लावला, पहिला नग बिघडवला. दुसऱ्याला चिप यायला लागली, लांब, वळ्यांची, अंगावर धावून येणारी. भीती वाटली आणि हायसंही वाटलं. नऊ पिना केल्या. एक चिप खिळ्याला टांगली. मग पिशवी घेतली आणि एसटीने चौफुल्यावरून यार्डात गेलो.

रांग खूप मोठी होती. धुळीने आणि ग्रीसने सगळी डोकी सारखीच काळी. पुसत गेलो. ड्रायव्हर ओरडायचे, एकाने चोर म्हणून दगड उचलला. दुपार कलली तरी काही नाही. मग एका दुहेरी ट्रॉलीच्या मधे वाकलो, फडकं फिरवलं आणि गोल दिसला. वर उसावर एक बाई बसली होती, मांडीवर झोपलेलं मूल.

ड्रायव्हर पोरगेलासा होता. उतरून आला. “तुमी बी पिना पुसनारं व्हय? आधी येक आप्पा यायचं. माझ्या चुलत्याची त्यांनीच बदलली. इचारलं, कशापायी, तर म्हनलं, शोभा जुनी झाली, नवी घाल. बेस मानूस हुता.” त्याने दांडीवर लाथ मारून पाहिली. “ही तर धड हाय की. सात हंगाम चालतीया.”

शोभा जुनी झाली म्हणायला माझंही तोंड उघडलं होतं.

“धड न्हाई,” मी म्हणालो. “लोखंड चुकीचं हाय. ही कधीबी तुटंल. मीच पास केलीया. आन् मला पहिल्या दिवसापासून ठावं हाय.”

वाटलं, आता हा मारणार. त्याने मारलं नाही. मान वर करून हाक दिली, “ए, खाली उतर गं. पोराला घिऊन उतर. हळू.”

ती उतरेपर्यंत मी पिनेला हात लावला नाही.